बेगडाचं वेळापत्रक

मला उशिराचा राग येतो. हा राग जन्मजात आहे. आई सांगते, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तारखेलाच मी जन्मले आणि त्या दिवशी डॉक्टरीणबाईच उशिरा आल्या. अशी मुलगी देवाने वऱ्हाडात का घातली, हे त्यालाच माहीत. कारण आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त सकाळी अकराचा छापलेला असतो, आणि अकरा वाजता नवरदेव मारुतीच्या देवळापाशी नुकता घोड्यावर चढत असतो. पुढे बँड, बँडपुढे नाचणारी पोट्टी, आणि त्यांच्यात कमरेला रुमाल बांधून नाचणारे नवरदेवाचे मामा. मंडपातली मंडळी हातातल्या अक्षता पुन्हा ताटात टाकतात आणि गप्पांना लागतात. अकराचं लग्न म्हणजे दोनचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाहुणेही त्याच हिशोबाने दीडला घरून निघतात. यात कुणी कुणाला फसवलं असं कुणालाच वाटत नाही. वाटायचं ते फक्त मला.

ही गोष्ट त्याच रागाची आहे, आणि ती ज्या वर्षांतली आहे ती वर्षं वाईट होती. बाबा धामणगाव रेल्वे या गावी शाळेत मास्तर होते. सकाळचा पेपर ते पहिलं पान आत दुमडून वाचायचे, कारण पहिल्या पानावर रोज आत्महत्या केलेल्या कुणा शेतकऱ्याच्या गावाचं नाव असायचं आणि बऱ्याचदा त्या गावातला एखादा पोरगा त्यांच्या वर्गात बसून गेलेला असायचा. दिल्ली-मुंबईची पथकं येत, शेतं बघत, अमरावतीच्या लॉजमध्ये खोली मिळत नसे. मोठ्याने हसायचं तर माणूस आधी इकडेतिकडे बघून घ्यायचा. अशा काळात मी पोट धरून हसले, हे सांगताना आजही थोडं चोरट्यासारखं होतं. पण हसले बाप्पा, खरंच हसले.

शिक्षण आटोपून मी अमरावतीत एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात लागले. ऑफिस म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालकांना आम्ही सर म्हणायचो. सर पुण्यात नोकरी करून परत आलेले होते आणि परत का आलात असं विचारलं की पंख्याकडे बघायचे. त्यांच्याकडे दोन प्रोग्रामर होते, सख्खे मावसभाऊ. एकाचा चहा आला की दुसरा प्यायचा. आणि तिसरी मी. माझ्यावर काम होतं वेळापत्रकाचं. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात ते फार सोपं करून सांगितलेलं होतं: मोठ्या कामाचे लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला किती दिवस लागतील ते करणाऱ्याला विचारा, कोणता तुकडा कोणत्या तुकड्यासाठी अडतो ते बघा, आणि मग कॅलेंडरवर प्रत्येक तुकड्याची एक लांब पट्टी काढा. शेवटची पट्टी जिथे संपेल तिथे काम संपेल. वाचताना मला वाटलं, हे पुस्तक खास माझ्यासाठी लिहिलंय.

काम आलं अकोल्याच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं. मालक मुसलमान, तीन पिढ्यांचा कापसाचा धंदा, सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणत. त्यांच्या फाटकासमोर हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत जायची आणि शेतकरी गाडीखाली चादर अंथरून पडून राहायचे. त्या वर्षांत मुळात पिकलेलंच कमी, आणि तेवढंही विकायला असं रस्त्यावर पडून राहायचं. हाजीसाहेबांना ते बघवत नव्हतं. त्यांना असं काही हवं होतं की शेतकऱ्याला आधीच टोकन मिळेल, टोकनावर दिवस आणि तास असेल, त्या तासाला गाडी काट्यावर चढेल आणि वजन आपोआप कॉम्प्युटरात उतरेल.

"बेटा, मानूस कापूस इकाले येते का मुक्कामाले येते?" ते मला म्हणाले. "त्याचं काम झालं पाह्यजे अन् तो दुपारी घरी जेवला पाह्यजे. दसऱ्याले काटापूजन हाय. त्या दिवशी पयली गाडी तुमच्या टोकनावर आत आली पाह्यजे. दसरा म्हंजे दसरा!"

काटापूजन म्हणजे जिनिंगच्या हंगामाचा पहिला दिवस. वजनकाट्याला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकतात, हिंदू असो की मुसलमान. ती तारीख चुकवणं म्हणजे पाप. मी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. सर गंभीर झाले होते.

परतताना एसटीत सर मला म्हणाले, "हे पाहा, हाजीसाहेबांनी दसरा म्हटलंय खरं, पन आपून गनपती उठाच्या आत संपवू. आपली पोट्टी तुले माहीत हायेत." मी मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी मावसभावांना सांगितलं, "सरांनी पोळ्याची तारीख दिली आहे." पोळा गणपतीच्याही आधी येतो. मला वाटलं, मी किती हुशार!

मग प्रत्येक तुकड्याला किती दिवस लागतील ते विचारायला बसले. हे पुस्तकवाल्याने वऱ्हाडात येऊन करून दाखवावं.

"टोकनाचं काम किती दिवसांत होईन?"

"होते नं," थोरला मावसभाऊ म्हणाला.

"होते, पन कवा?"

"कराले घेतलं का होते."

"कराले कवा घेता मंग?"

"तुमी म्हना तवा," धाकटा म्हणाला आणि थोरल्याचा चहा प्यायला.

शेवटी दोघांनी दिवस सांगितले, आणि ते दिवस त्यांनी भरपूर फुगवून सांगितले आहेत हे मला दिसत होतं. मी त्यात भारनियमनाचे अजून थोडे मिळवले. त्या वर्षांत अमरावतीची लाइट सकाळी जायची आणि अकोल्याची दुपारी. कधी जाणार त्याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि वऱ्हाडात काटेकोर पाळलं जाणारं ते एकमेव वेळापत्रक होतं. म्हणजे लाइट जायची मिनिटावर. यायच्या वेळी मात्र ती आमच्यातलीच होऊन जायची, येते नं!

माझा चार्ट मी कॉम्प्युटरवर काढला आणि लाइटीबरोबर तो गेला. पुन्हा काढला, पुन्हा गेला. आमचा इन्व्हर्टर एक पंखा आणि सरांचा देवाजवळचा दिवा एवढंच ओढायचा. मी संतापून खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे रंगीत कागद मागितला. त्याच्याकडे गेल्या पोळ्याचं उरलेलं बेगड होतं, बैलांच्या शिंगांना लावतात ते चकचकीत. हिरवं, गुलाबी, निळं, सोनेरी. मी सगळं उचललं. ऑफिसची एक अख्खी भिंत रिकामी केली, वर आठवडे लिहिले आणि खाली बेगडाच्या पट्ट्या कापून चिकटवल्या. थोरल्याची हिरवी, धाकट्याची गुलाबी, माझी निळी. लाइट गेली तरी खिडकीतल्या उजेडात भिंत लखलखायची. खालच्या दुकानातल्या बायका लुगडी बघता बघता वर येऊन विचारायच्या, कुणाचं लगीन आहे म्हणून.

सोनेरी बेगड उरलं होतं ते काटेवाल्यासाठी.

काट्यावरचं वजन कॉम्प्युटरात उतरवणं आमच्यापैकी कुणाला येत नव्हतं. त्यासाठी सरांनी अकोल्यातला एक तरुण शोधला. बार्शीटाकळीचा, तंत्रनिकेतनात शिकलेला, इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायचा. आम्ही सगळे त्याला काटेवाला म्हणायचो. पहिल्या दिवशी मी त्याला अकराची वेळ दिली होती. ऑफिसची किल्ली माझ्याकडे असायची. मी साडेदहाला आले तर जिन्याच्या पायरीवर एक माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसलेला.

"मी अकरा म्हटलं होतं," मी म्हणाले.

"हाव," तो उठून म्हणाला. "अकराले आलो असतो तं अकरा वाजून गेल्यावर कामाले लागलो असतो."

मला तो आवडला. तिथेच, पायरीवर. पुढचं सगळं नंतर घडत गेलं, पण आवडण्याचं काम त्या वाक्यात आटोपलं होतं. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात मला वेळेआधी आलेला पहिला वऱ्हाडी माणूस दिसत होता आणि त्याचे डोळेही चांगले होते.

त्याचं काम अकोल्यात, आमचं अमरावतीत. तेव्हा अकोल्याच्या कॅफेतून फाइल पाठवायची तर अर्धी जाऊन अडकायची. म्हणून मी नियम केला: एक तुकडा पूर्ण झाला की तो पेन ड्राइव्हवर घेऊन स्वतः यायचं. आणि नियमाखाली ठळक अक्षरात दुसरा नियम: अर्धवट काम घेऊन यायचं नाही. हा दुसरा नियम मी मावसभावांना धाक बसावा म्हणून लिहिला होता. तो कुणाला कसा लागला ते पुढे कळलं.

तो यायचा. अकोल्याहून पॅसेंजरने बडनेऱ्याला, तिथून ऑटोने. पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवायचा, धाकटा मावसभाऊ तपासायचा, सगळं बरोबर निघायचं, मी भिंतीवरच्या सोनेरी पट्टीवर टिकली लावायची आणि मग आम्ही सगळे गिला वडा खायला जायचो. सगळे म्हणजे मावसभाऊही. ते कधी चुकूनही घरी राहिले नाहीत. हातगाडीजवळ उभं राहून दह्यातला वडा तोडता तोडता तो एकदा सांगत होता की त्याचे वडील दरवर्षी ह्याच हाजीसाहेबांच्या फाटकावर रांगेत असायचे. लहानपणी तो त्यांना डबा घेऊन जायचा. गाडी दोन हात पुढे सरकली की वडील जेवण टाकून बैल ओढायला उठायचे, आणि असं करता करता पिठलं गार व्हायचं. "म्हून मी काट्याच्या लायनीत आलो," तो म्हणाला. सगळे हसले. मी नाही हसले, मला त्याच्याकडे बघत राहायचं होतं.

आणि मग त्याच वड्यावर तो सहज म्हणाला, "तुमचं काम आटोपलं का मी पुन्याले जातो. दोस्तानं बोलावलं हाय. इकडं काय ठेवलं हाय आता?"

थोरल्याने माझ्या पाठीत थोपटलं, कारण वडा माझ्या घशात अडकला होता.

त्या वर्षांत सगळेच पुण्याला चालले होते. संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर गेलं की अख्खी कॉलेजची बॅच दिसायची, हातात चादरीचं बोचकं आणि आईने दिलेला डबा. त्यांच्यात हा एक जाणार. भिंतीवरची शेवटची सोनेरी पट्टी जिथे संपत होती तिथे तो संपत होता. आणि पट्ट्या कापायची कात्री कुणाच्या हातात होती? माझ्या.

मी ऑफिसात आले आणि सोनेरी पट्टी वाढवली.

मला अजिबात लाज वाटली नाही. उलट मजा वाटली. पुढच्या आठवड्यात मी त्याच्यासाठी एक नवा तुकडा काढला, "रिकाम्या गाडीचं वजन". तसं ते लागतंच, भरलेल्या गाडीतून रिकामी वजा करायची असते. मग "ओल्या कापसाचं वजन". मग "बैल सोडून वजन". आणि चेहरा कडक ठेवून, "बैल जुंपून वजन". प्रत्येकाला भरपूर लांब पट्टी. सर भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "बैल जुंपून कावून?" मी म्हणाले, "सर, बैल हलतात." सरांनी मान डोलावली.

आणि तो माणूस करायचा काय? ज्या पट्टीला मी दोन आठवडे दिले ती चार-पाच दिवसांत संपवून पायरीवर हजर! बैल जुंपून वजन करायला त्याने शेजाऱ्याची जोडी मागून आणली, अख्खी दुपार काट्यावर बैलांना गूळ चारत उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीत. मी टिकली लावायची आणि मनात चरफडायचे. एवढी घाई? पुण्याची एवढी घाई? पुण्यात काय असं टांगून ठेवलंय? एकदा चिडून मी विचारलंच, "तुमाले दम निंघत नाई का?" तो जरा गोंधळला. "नाई निंघत," तो म्हणाला, आणि कान लाल झाले. मी रागाने निळी पट्टी फाडली.

त्याने त्याचे तुकडे लवकर आणल्यामुळे मावसभावांचे तुकडे लवकर सुटले. त्यात लाइट मोजकीच, त्यामुळे लाइट असताना दोघे मान वर न करता काम करायचे आणि क्रिकेटच्या गप्पा अंधारात मारायचे. आणि एक दिवस, पोळा अजून तोंडावर असताना, धाकटा मावसभाऊ खुर्ची मागे सारून म्हणाला, "झालं."

"काय झालं?" सर म्हणाले.

"सगळं झालं."

सर खाली बसले. आयुष्यात त्यांनी वेळेआधी संपलेलं काम पाहिलं नव्हतं, अमरावतीतही नाही आणि पुण्यातही नाही. त्यांनी स्वतः चालवून पाहिलं, टोकन निघालं. पुन्हा चालवलं, पुन्हा निघालं. त्यांना घाम फुटला. "आता हाजीसाहेबाले काय सांगू?"

"झालं म्हनून सांगा."

"अबे, असं कसं सांगू? इतल्या लवकर झालं म्हटलं तं तो म्हनन कच्चं हाय. लवकर शिजलेल्या वरनावर कोनी भरोसा ठेवते का?"

मग आम्ही काय केलं असेल? झालेलं काम लपवलं. हाजीसाहेबांचा फोन आला की सर आवाज थकलेला करून म्हणायचे, "चालू हाय, हाजीसाहेब. थोडं राह्यलं हाय." थोरला मागून टेबलावर बोटं वाजवून काम सुरू असल्याचा आवाज काढायचा, धाकटा तोंडात रुमाल कोंबून हसायचा. मीही हसत होते, पण भिंतीकडे बघितलं की हसू आटायचं. सोनेरी पट्ट्यांवर सगळीकडे टिकल्या होत्या. काटेवाल्याकडे माझं आता काहीही काम उरलेलं नव्हतं आणि त्याने पुण्याच्या गाडीचं विचारायला सुरुवात केली होती.

मी सरांना म्हटलं, "एक तुकडा राहिला. सगळ्यांनी मिळून प्रत्यक्ष जिनिंगमध्ये जाऊन तपासणी." सरांकडे करण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळे ते लगेच हो म्हणाले.

आम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो, करीच्या. त्या दिवशी कुणी कामाला जात नाही, जिनिंग सामसूम असणार आणि हाजीसाहेबांना कळणार नाही, असा आमचा बेत. वाटेत गावोगावी बैल आदल्या दिवशीचं बेगड शिंगांवर मिरवत रवंथ करत बसले होते. काटेवाला फाटकावर आधीच उभा होता, हे काय सांगायला हवं? पण काट्यावर चढवायला गाडी मिळेना. करीला बैल जुंपत नाहीत. शेवटी थोरला म्हणाला, "आपूनच चढू." आणि आम्ही पाचही जण त्या प्रचंड काट्याच्या मधोमध एकमेकांना चिकटून उभे राहिलो. काटेवाला उतरून आत जाऊन बटण दाबायचा, टोकन निघायचं, आणि धावत परत चढायचा. कॉम्प्युटरच्या मते आम्ही फार हलका कापूस होतो. सरसुद्धा खदखदा हसायला लागले.

"अरे वा! माल आला का?"

फाटकात हाजीसाहेब उभे होते. पांढरी टोपी, हातात काठी, शेजारी चौकीदार, ज्याने अर्थातच फोन केला होता.

"तुमी तं म्हने, थोडं राह्यलं हाय," ते म्हणाले.

सरांचा चेहरा उतरला. "झालं आहे, हाजीसाहेब. पोळ्याच्या आधीच झालं."

"पोळ्याच्या आधी? मी तं दसरा म्हटलं होतं."

"म्हनून मी यांना गनपती सांगितला."

"अन् मी ह्यांना पोळा सांगितला," मी म्हणाले.

"अन् आमी दिवस दुप्पट सांगितले होते," दोघे मावसभाऊ एकदम म्हणाले.

हाजीसाहेबांनी काठीवर हनुवटी टेकली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "या अल्ला! अरे मले तं दिवाळीच्या आधी लागतच नव्हतं! बाया वावरात सीतादही करतीन, पयला वेचा निंघन, मंग गाडी येईन नं फाटकावर. तुमी लेट करसान म्हून मी दसरा म्हटलं!" पहिल्या वेचणीआधी बायका कपाशीत दहीभाताचा नैवेद्य ठेवतात ती सीतादही, तिच्याआधी कापसाचं बोंडही घरात येत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. आणि तरी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सगळे एवढे हसलो की काट्याचा आकडा स्थिर होईना. आणि त्या हसण्यात थोरला मावसभाऊ बोलून गेला, "पन ताई, सोनेरी पट्ट्या कावून वाढत होत्या? त्या तं दर हप्त्याले लांब होऊन राहिल्या होत्या."

हसणं थांबलं. पाचजणांच्या मध्ये मी, खाली उतरायला जागा नाही.

"बैल जुंपून वजनाच्या वक्ती मलेही वाटलंच होतं," काटेवाला हळूच म्हणाला.

मला इतका राग आला की खरं तेच बाहेर पडलं. "तुमी पुन्याले जाऊ नये म्हून! आता झालं समाधान? मी पट्टी वाढवतो अन् तुमी चार दिसांत संपवून हजर! इतली घाई कोनाले असते पुन्याची?"

तो म्हणाला, "घाई पुन्याची नव्हती. काम झाल्याबिगर येऊ नका असा नेम तुमीच केला होता. मले यायचं होतं, म्हून मी लवकर करत होतो."

त्या क्षणी माझ्या पायाखालचा तो अवजड लोखंडी काटा मला तरंगल्यासारखा वाटला. किती आनंद झाला म्हणून सांगू! मी त्याला धरून ठेवायला काम वाढवत होते आणि तो माझ्याकडे यायला काम संपवत होता, आणि या ओढाताणीत एक सॉफ्टवेअर वेळेच्या आधी तयार होऊन बसलं होतं.

"मंग पुन्याले कोन जाऊन राह्यलं?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"कोनीच नाई," तो म्हणाला.

"मंग उतरा बाप्पा काट्यावरून. वजन जास्त होऊन राह्यलं."

दिवाळीच्या तोंडावर काटापूजन झालं. पहिले काही दिवस टोकनावर कुणी विश्वास ठेवला नाही, सगळे पहाटेपासूनच रांगेत. हाजीसाहेब फाटकावर उभे राहून एकेकाला घरी हाकलायचे. मग हळूहळू रांग ओसरली. टोकनाने भाव वाढला नाही, बोंडअळी मेली नाही, बाबांनी पेपर दुमडून वाचणं सोडलं नाही. पण माणसं दुपारी घरी जेवायला लागली. काटेवाल्याचे वडील सकाळी गाडी घेऊन आले आणि ऊन चढायच्या आत मोकळे झाले. बैलांना पाणी दाखवून झालं, रिकामी गाडी झाडून झाली. मग मुलाला म्हणाले, "आता दिवसभर करू काय?"

मुलाने काय सांगितलं ते मला त्याने आजवर सांगितलेलं नाही. पण वडिलांनी गाडी जिनिंगमध्ये सोडली, स्टेशनवर गेले आणि पॅसेंजरने थेट धामणगावला उतरले. बाबा दारात दाढी करत बसले होते. समोर एक अनोळखी शेतकरी, खिशातून काटापूजनाचं खोबरं काढून पुढे धरतो आणि म्हणतो, "पोरगी पाहाले आलो." पोरगी तर अकोल्यात टोकनं काढत होती! पहिल्या चहात गाव-गोत निघालं, दुसऱ्या चहात दोघांच्या सामायिक अशी एक लांबची आत्या निघाली. बाबांच्या एका गालाचा साबण तोवर वाळून गेला होता.

मूर्तिजापूरच्या आणि दर्यापूरच्या जिनिंगवाल्यांनीही आमच्याकडे टोकनं मागितली, त्यामुळे त्याच्या पुण्याचा विषय राहिलाच नाही. राहिलं ते लग्न. लग्नाचं वेळापत्रक अर्थातच मी केलं, घराच्या पडवीत, बेगडाच्या पट्ट्यांनी. मी जाहीर केलं की माझं लग्न छापलेल्या मुहूर्तावर लागेल, अकरा म्हणजे अकरा. मामा हसले, आत्या हसली, पत्रिका छापणाराही हसला. पाहुणे नेहमीच्या हिशोबाने जेवायच्या वेळेला आले आणि लग्न लागून गेलेलं बघून अजूनही रुसलेले आहेत, ते त्यांचं त्यांनी बघावं.

पण त्या दिवशी सकाळी मी अजून हळदीच्या जुन्या पातळात होते. केस ओले, हातात चहाचा कप, मंडपवाला सतरंज्या झटकत होता, आचारी कांदे सोलत होता. बाबा बनियनवर अंगणात पाणी शिंपडत होते आणि त्यांच्या हातातला तांब्या एकदम थांबला. मी खिडकीतून पाहिलं. घोडा नाही, बँड नाही, वरात नाही. मंडपाच्या पायरीवर डोक्याला बाशिंग बांधलेला एक माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता.

"अहो, वरात?" बाबांनी विचारलं.

"येते मांगून. मारुतीपाशी नाचून राह्यले सारे. मी पुढं आलो."

मी खिडकीतूनच ओरडले, "मी अकरा म्हटलं होतं!"

"हाव," तो वर बघून म्हणाला. "पन माहं काम आटोपलं होतं."

मी कप तिथेच ठेवला आणि केस पुसायला पळाले. जन्मात पहिल्यांदा उशीर माझा झाला होता.